वरच्या मजल्यावरची अक्षरं

माझ्या आत्याचं अक्षर शहरातले निम्मे लोक रोज सकाळी चहाबरोबर वाचायचे आणि ते तिचं आहे हे कुणाच्या गावीही नसायचं. तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट कुणाच्या लक्षात आलं असतं तर तिला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं असतं. असं का, ते पुढे येईलच.

ती मूळची पाट्या रंगवणारी. तिच्या वडिलांचं पाट्यांचं दुकान होतं. घरात मुलगे दोन, पण हात आला तो मुलीच्या. माझे वडील ब्रश घेऊन बसले की पाटीपेक्षा शर्टाच्या बाह्या जास्त रंगायच्या, आणि काकांनी एकदा एका दवाखान्याच्या पाटीवर 'दंतवैद्य'मधला अनुस्वारच खाल्ला होता. आत्या मात्र शिडीवर चढून, एका हाताने तोल सांभाळत, वीतभर उंचीची अक्षरं अशी ओढायची की रस्त्याने जाणारे उभे राहून बघायचे. पुढे मशीनवर कापलेली प्लास्टिकची अक्षरं आली, दुकान बसलं, आणि ती एका वर्तमानपत्रात पानं जोडायच्या कामाला लागली. मजकुराच्या छापील पट्ट्या कापायच्या आणि मोठ्या कागदावर डिंकाने सरळ चिकटवायच्या, एवढंच काम. ती आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची.

त्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, चार चौकटींचं एक कार्टून रोज येत असे. त्याचं नाव 'वरचा मजला'. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब होतं त्यात. निवृत्त झालेले आणि खुर्ची न सोडणारे नाना, सतत काहीतरी शोधणारा त्यांचा मुलगा, सगळ्यांना पुरून उरणारी सूनबाई, आणि एक मांजर. खालच्या मजल्यावर एक भाडेकरू होता, पण तो कधीच दिसायचा नाही. वर आवाज झाला की तो काठीने छताला ठोकायचा, ठक ठक. त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याचा स्वभाव सगळ्या शहराला माहीत होता.

हे कार्टून काढणारे चित्रकार उंच, सडपातळ आणि मितभाषी होते. ऑफिसात त्यांना त्यांच्यामागे रेघोबा म्हणत. चित्र काढावं तर त्यांनीच, पण अक्षर कुणीही त्यांच्यासारखं काढू नये. त्यांनी 'चहा' लिहिला की लोक 'वहा' वाचायचे, आणि 'घर' लिहिलं की 'धर'. एका वाचकाने कळवलं होतं, "नाना काय म्हणाले ते कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून हसलो. पुढच्या वेळी दोन्ही कळू द्यावं ही विनंती." संपादकांनी ते पत्र वाचलं आणि आत्याला बोलावलं.

"बाई, तुम्ही पाट्या रंगवायचात ना? उद्यापासून हे फुगे तुम्ही भरा."

फुगे म्हणजे पात्रांच्या तोंडून निघालेल्या बोलण्याभोवतीचे गोल. आत्याने पहिल्या दिवशी जीव ओतून काम केलं. पट्टी लावून शिरोरेषा ओढल्या, वेलांट्या एकसारख्या वळवल्या. चित्रकार आले, कागद उचलून खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. आत्या खूश झाली.

"तेच चुकलंय."

"म्हणजे काय, साहेब?"

"तुम्ही पाटी लिहिलीत. पाटीचं काम रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं. मला इथं माणूस थांबायला नकोय. त्याने वाचत वाचत सरळ नानांच्या तोंडावर जाऊन आदळलं पाहिजे. तो तुमच्या वेलांट्यांपाशीच रेंगाळला तर नानांकडे कोण बघणार?"

आत्या घरी आली ती फणफणत. डबा मोरीत आदळला आणि माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, अक्षर सुंदर आहे म्हणून चुकलं म्हणे. उद्या म्हणतील चहा गोड झालाय म्हणून बिघडलाय."

पण रविवारी तिने त्याच आठवड्याचं एक कार्टून टेबलावर पसरलं आणि पहिल्यांदा ते नीट बघितलं. आधी बोटांनी फुगे झाकले. गोष्ट तरी कळत होती. मग चित्रं झाकून नुसते शब्द वाचले. काहीच कळेना. मग तिने पान उलटं फिरवलं, म्हणजे शब्द वाचताच येणार नाहीत, आणि नुसतं काळं-पांढरं बघत बसली. बऱ्याच वेळाने तिने आईला हाक मारली.

"वहिनी, हे बघा. पहिल्या चौकटीत कपाट आहे, खिडकी आहे, भिंतीवर घड्याळ आहे. दुसरीत घड्याळ नाही. तिसरीत खिडकीही नाही, कपाटही नाही, नुसते नाना खुर्चीत आणि सगळीकडे पांढरं. आणि चौथीत सगळं एकदम परत, तेही पडलेलं. हा माणूस आपल्या नकळत खोली रिकामी करतो, आणि मग सगळं सामान आपल्या अंगावर टाकतो."

"मग वाईट आहे का ते?" आईने विचारलं.

"वाईट कसलं. मी रोज हे चिकटवत होते आणि मला दिसलं नव्हतं."

सोमवारपासून तिने पट्टी बाजूला ठेवली. पाट्यांवर घोटलेलं अक्षर विसरायला तिला लिहायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. हळूहळू प्रत्येकाला आपापलं अक्षर मिळालं. नाना सावकाश बोलणारे, म्हणून त्यांचे शब्द लांब लांब बसले. सूनबाईची अक्षरं ताठ आणि एकमेकांना चिकटून, मध्ये कुणाला बोलायला जागाच नाही. मुलगा बोलता बोलता विसरायचा, म्हणून त्याची वाक्यं शेवटाकडे बारीक होत जायची. चित्रकार रोज येऊन एक चूक दाखवायचे. एका संध्याकाळी आत्या आमच्यासाठी केक घेऊन आली. आम्ही विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. आज ते काहीच बोलले नाहीत. कागद घेतला आणि गेले."

माझ्या वडिलांना या सगळ्याचं कौतुक कळत नव्हतं. एकदा जेवताना ते म्हणाले, "तू इतकी भारावून जातेस, पण आहे काय त्यात? चार रेघा तर असतात."

आत्याने त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली. "झोपलेलं मांजर काढ, दादा. चार रेघांत. हव्या तर आठ घे."

वडिलांनी काढलं. आईने ते बघून विचारलं, "पाव आहे का हा?" त्यांनी शेपूट जोडलं. मग ते शेपूट असलेल्या पावासारखं दिसायला लागलं. आत्याने त्या दिवशीचं वर्तमानपत्र शेजारी ठेवलं. चित्रकारांचं मांजर एका वळणाच्या रेघेचं होतं, पाठीवर जाड आणि पोटाखाली बारीक होत गेलेली रेघ, आणि कानाला एक टोक. पण ते नक्की झोपलेलं होतं, आणि कुणी ताटलीचा आवाज केला असता तर नक्की उठलं असतं.

"ही रेघ खाली जाताना बारीक का होते?" वडिलांनी विचारलं.

"पोट जमिनीला टेकलंय ना. तिथं दोघांमध्ये सावलीसुद्धा शिरत नाही."

वडील नंतर कितीतरी दिवस फोनवर बोलताना कागदावर मांजरं काढायचे. त्यांतलं एकही झोपलं नाही.

काही वर्षांनी आत्या चित्रकारांचे शब्दही कापायला लागली. आधी घाबरत, मग बिनधास्त. एकदा ती म्हणाली, "साहेब, इथे नाना म्हणतायत, 'मी फार दमलो आहे.' पण ते खुर्चीत असे सांडलेत की दमलेत हे खालच्या भाडेकरूलाही कळलं असेल. शब्द कशाला?"

"मग काय म्हणू दे त्यांना?"

"'पंखा लाव' म्हणू दे."

चित्रकारांनी चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आणि पंखा आधीच चालू असू दे," ते म्हणाले आणि ब्रश घेऊन नानांच्या डोक्यावरचे चार केस उडवले. त्या दोघांची खरी गट्टी जमली ती त्या दिवसापासून. अर्थात गट्टी म्हणजे रोज भांडण.

आणि मग एका सकाळी ऑफिसला येताना, एका कुत्र्याला चुकवताना, चित्रकार सायकलवरून पडले. कुत्रा सुखरूप गेला. यांचं उजवं मनगट मोडलं आणि हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

संपादकांनी आत्याला बोलावलं. "बाई, जुनी मूळ चित्रं तुमच्याच कपाटात आहेत. त्यांच्यावर कागद ठेवून गिरवलंत, शब्द नवे टाकलेत, तर महिना-दोन महिने निघून जातील. कुणाला कळणार नाही."

आत्याने घरी करून बघितलं. नाना हुबेहूब आले. तिने तो कागद भिंतीला टेकवून ठेवला, लांबून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी संपादकांसमोर ठेवला. "जमणार नाही, साहेब. हे बघा, यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यांच्या रेघेला वजन असतं, माझी नुसतीच जागच्या जागी आहे. लोकांना काय बिघडलंय ते सांगता येणार नाही, पण हसू यायचं नाही."

तिथून ती तडक चित्रकारांच्या घरी गेली. दार त्यांच्या पत्नीने, म्हणजे आम्ही पुढे ज्यांना काकू म्हणायला लागलो त्यांनी उघडलं.

"बरं झालं आलात," काकू म्हणाल्या. "सकाळपासून भिंतीकडे बघत बसलेत. आता भिंतीलाही कंटाळा आला असेल."

चित्रकार गळ्यात हात अडकवून बसले होते. संपादकांचं म्हणणं आणि आपला नकार आत्याने सांगितला. ते म्हणाले, "मग बंद ठेवू दे. चित्रच नाही तर काय छापणार?"

आत्या येताना वाटेत विचार करत आली होती. ती म्हणाली, "वरच्या मजल्यावरचे दिवे घालवू या."

"काय?"

"वीज गेली. तुमचं प्लास्टर निघेपर्यंत आलीच नाही. चारही चौकटी काळ्या. नुसते फुगे पांढरे."

काकू चहाचे कप घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या.

"अंधारात कोण बोलतंय हे वाचणाऱ्याला कसं कळेल?" चित्रकारांनी विचारलं. आणि लगेच तेच म्हणाले, "कळेल. तुमच्या अक्षरावरून कळेल. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आलो, दिसू नका, दिसू नका. आता दिसा, बाई."

हे आत्याने आम्हाला पुढे पुष्कळदा सांगितलं.

पहिलं काळं कार्टून त्याच बैठकीत झालं. पहिल्या चौकटीत नाना: "दिवे गेले वाटतं." दुसरीत सूनबाई: "नाही, मी डोळे मिटून घेतलेत." तिसरीत नुसतं "धडाम्". चौथीत मुलगा, बारीक होत जाणाऱ्या अक्षरांत: "खुर्ची सापडली." आणि अगदी खाली, ठक ठक. चित्रकारांनी डाव्या हातात ब्रश धरून कोपऱ्यात दोन पांढरे ठिपके टेकवले, एक मोठा, एक छोटा. मांजर त्या अपघाताकडे बघत होतं.

हे करताना आत्याला आणखी एक गोष्ट उमगली. नानांची खुर्ची कायम डाव्या हाताला, स्वयंपाकघर उजवीकडे, दार मागे. चित्रकारांनी इतक्या वर्षांत ते घर कधी हलवलं नव्हतं. त्यामुळे फुगा डावीकडे खाली आला की लोकांना तिथं खुर्ची असल्याचं न दाखवताही माहीत होतं. काळ्याकुट्ट चौकटीत वाचक भिंतीला हात न लावता फिरू शकत होता.

छापखान्यात मात्र गोंधळ उडाला. मशीनवाला पान घेऊन धावत वर आला. शेवटच्या पानावर शाई सांडलीय, असं त्याचं म्हणणं. संपादकही धास्तावले होते. पण आठवडा गेला आणि ऑफिसात पाकिटं यायला लागली. कुणी मेणबत्त्या पाठवल्या, कुणी काडेपेटी. एका इलेक्ट्रिशियनने कळवलं की अशा जुन्या इमारतींत मेन स्विच बहुधा जिन्याखाली असतो, सूनबाईंनी तिथं बघावं. आमच्या घरी सकाळी वर्तमानपत्रावरून ओढाओढ व्हायची. वडील मोठ्याने वाचायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "हा मुलगाच. वाक्य संपायच्या आत विसरला बघा." मग आत्याकडे वळून, जरा अवघडून, "छान लिहिलंयस हो." आत्या पावाला लोणी लावत राहायची, पण कान लाल व्हायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा सगळे खूश झाले, एक चित्रकार सोडून. हात आखडला होता. रेघ ओढायला गेलं की थरथरायची. आत्या गेली तेव्हा टेबलाखाली चुरगाळलेल्या कागदांचा ढीग होता. तिने ते गोळा केले आणि एकेक उलगडून बघायला लागली.

"फेकून द्या ते," चित्रकार म्हणाले.

"बघू तर द्या."

चार-पाच दिवसांनी त्यांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. पहिल्या तीन चौकटी काळ्या. चौथीत दार किलकिलं झालं होतं आणि फटीतून एक हात आत आला होता. हातात मेणबत्ती. खालच्या भाडेकरूचा हात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलेला, सुरकुतलेला, अंगरख्याची बाही जरा उसवलेली. त्या उजेडात नाना, मुलगा, सूनबाई आणि मांजर, सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी त्याच्याकडे वळलेले. सगळ्या रेघा हलत होत्या, जशा मेणबत्तीच्या उजेडात खरंच हलतात.

"हात बरा होईपर्यंत थांबला नाहीत," आत्या म्हणाली.

"थरथरतोय तर थरथरू दे म्हटलं. त्याचं काहीतरी करता येईल का बघितलं."

त्या चित्रात एकही शब्द नव्हता. आत्याला करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी तिच्या मते तिने केलेल्या कामांत ते सगळ्यात चांगलं. हात पुढे बराचसा सुधारला, पण ती बारीक थरथर रेघेत थोडी राहिलीच. त्यानंतरचे नाना जरा जास्त म्हातारे आणि जरा जास्त लोभस दिसतात, ते त्यामुळे.

कामावर परतल्यावर चित्रकारांनी हट्ट धरला की कार्टूनखाली आत्याचंही नाव छापायचं. आत्या तयार होईना. "त्या कोपऱ्यात मांजर बसतं," ती म्हणाली, "नाव टाकलं तर त्याला उठावं लागेल." वाद महिनाभर चालला. शेवटी एके दिवशी कार्टूनमधल्या घराच्या दारावर एक छोटी पाटी दिसायला लागली. त्यावर आत्याचं नाव होतं, चित्रकारांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, म्हणजे जगात कुणालाही वाचता येणार नाही असं. ती पाटी शेवटपर्यंत राहिली. वाचकांना वाटायचं ते गवताचं चित्र आहे.

कार्टून पुढे पुष्कळ वर्षं चाललं. चित्रकार थकले तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या कुणाला न देता थांबवलं. आत्याही त्याच महिन्यात निवृत्त झाली. दोघांचं फोनवर भांडण चालू राहिलं.

गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या वाचनालयाने त्या मूळ चित्रांचं प्रदर्शन भरवलं. मी आत्याला घेऊन गेले. मी आजवर छापलेलंच बघितलं होतं, म्हणून मूळ चित्रं बघून नवल वाटलं. किती मोठी होती ती. निळ्या पेन्सिलीच्या पुसट खुणा, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, एका ठिकाणी तर नानांचं नाक तीनदा बदललेलं. मेणबत्तीच्या चित्रासमोर लोक गप्प उभे होते. बाकीच्यांसमोर हसत होते, एकमेकांना वाचून दाखवत होते. आत्या चित्रं बघतच नव्हती. ती जरा बाजूला उभी राहून बघणाऱ्यांचे डोळे बघत होती. एक गृहस्थ वाचता वाचता नानांच्या चेहऱ्यापाशी आले आणि खुदकन हसले. आत्याने माझा हात दाबला. "बघितलंस? अक्षरापाशी थांबले नाहीत."

चित्रकार एका खुर्चीत बसून होते. काकू शेजारी. आत्याला बघून त्यांनी नमस्कार-चमत्कार काही न करता समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"बाई, त्या दुसऱ्या चौकटीत 'तर' कशाला ठेवलात तुम्ही?"

"मी ठेवला? तुम्ही लिहून दिलात."

"मी लिहिला, पण तुम्ही कापायला हवा होता."

"मी कापला होता. तुम्हीच परत टाकायला लावलात. सूनबाई 'तर' म्हणाल्याशिवाय मान वळवणार नाही म्हणालात."

मी सगळ्यांसाठी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा वाद सूनबाईच्या मानेवर पोचला होता. काकूंनी माझ्या हातातून कप घेतला आणि म्हणाल्या, "ये, बस. हे काही इतक्यात संपत नाही." तेवढ्यात चित्रकार एका हातात चहा घेऊन दुसऱ्या हाताने काठी टेकत उठले, भिंतीपाशी गेले आणि तिथल्या वाचनालयाच्या बाईंना म्हणाले की फ्रेम जरा उघडून द्या, एक शब्द खोडायचाय. त्या बिचाऱ्या गडबडल्या. आता हे वाचनालयाच्या मालकीचं आहे, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

"नाही तर नाही," चित्रकार म्हणाले.

"हा 'तर' मात्र बरोबर आला," आत्या म्हणाली, आणि तो म्हातारा माणूस इतका हसला की काकूंना त्याच्या हातातला चहा काढून घ्यावा लागला.